टाके विरघळणारे होते ना? मग हे टोक कुठून आलं?

उसवलेला (धागाकर्ता)

धाग्याबद्दल धागा काढतोय, कोटी करायचा मोह आवरा. पहिली मीच केली.

सात आठवड्यांपूर्वी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. जाळी बसवली, सगळं सुरळीत. घरी सोडताना सांगितलं ते एवढंच, "टाके विरघळणारे आहेत, काढायला यायला नको." मी खूश. टाके काढायचे म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, आणि इथे तर टाके पोटावरच.

गेल्या सोमवारी आंघोळ करताना व्रणाच्या डाव्या टोकाला पुटकुळीसारखं काहीतरी हाताला लागलं. लाल, जरासं दुखरं. बुधवारी ती फुटली, थेंबभर पाणी आलं आणि मधोमध एक जांभळं टोक उभं! दात घासायच्या ब्रशच्या केसासारखं ताठ. बोट फिरवलं की टोचायचं. मी नेलकटर घेऊन आरशासमोर उभा राहिलो होतो, तेवढ्यात बायकोने तो हातातून काढून घेतला (आभार तिचे). दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चिमट्याने धरून जरा ओढलं, कातडीलगत कापलं, बारीकशी गाठ बाहेर आली. दोन मिनिटांचं काम. "होतं असं कधीकधी," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

होतं असं, तर आधी सांगायला काय झालं होतं? तीन दिवस मी पोटाला हात लावत कॅन्सरपर्यंत जाऊन परत आलो.

तेव्हापासून रोज रात्री याच विषयावर वाचतोय. विरघळणारा म्हणजे नक्की कधी विरघळणारा? जांभळा का? आणि विरघळणारे दोरे असताना काही लोकांना अजून काढायचे टाके का घालतात? जाणकारांनी लिहावं.

गाठीचा_माणूस

पंचवीस वर्षं गाठी मारतोय, म्हणून लिहितो. तुमच्या पोटाबद्दल तुमचे डॉक्टर सांगतील तेच खरं, मी दोऱ्याबद्दल बोलतो.

जांभळा रंग फक्त आम्हाला दिसावा म्हणून. रक्तात पांढरा दोरा क्षणात लाल होतो आणि गाठ कुठे, टोक कुठे काही कळत नाही. तुमचा दोरा बहुधा पॉलिग्लॅक्टिन, ज्याला सगळे विक्रिल म्हणतात. दोन आम्लांच्या साखळ्या, ग्लायकोलिक नव्वद भाग, लॅक्टिक दहा भाग. शरीरातलं पाणीच ही साखळी तोडतं, त्यामुळे ती कधी तुटणार हे बरंचसं आधी सांगता येतं.

आता मुद्दा. विरघळणाऱ्या दोऱ्याला दोन तारखा असतात आणि पेशंटला आम्ही एकही सांगत नाही. एक, दोऱ्यातला जोर कधी संपतो. दुसरी, दोरा दिसेनासा कधी होतो. विक्रिलचा जोर दोन आठवड्यांनी साधारण तीन चतुर्थांश उरतो, तीन आठवड्यांनी निम्मा, पाचव्या आठवड्यात शून्य. पण दोरा नाहीसा व्हायला ५६ ते ७० दिवस लागतात. तुमचा एकोणपन्नासावा दिवस. म्हणजे दोरा काम संपवून बसला होता, निवृत्त झाला होता, पण खोली सोडली नव्हती.

अशा वेळी गाठ कातडीच्या फार जवळ असली तर शरीर तिला बाहेर ढकलतं. शरीराने दोरा थुंकला, असं आम्ही म्हणतो. म्हणून कातडीखालची गाठ खाली तोंड करून पुरायची असते. सुई आधी खालून वर न्यायची, मग समोरच्या कडेत वरून खाली, म्हणजे गाठ तळाला बसते. घाईत किंवा अंगावर चरबी कमी असली की ती वर राहते. तुमच्या केसमध्ये काय झालं ते मी कसं सांगणार, पण गाठच बाहेर आली म्हणता, तेव्हा अंदाज येतो.

शंकासुर

मग सरळ कायमचाच दोरा का नाही घालत? जोर संपायची भानगड नको.

गाठीचा_माणूस

@शंकासुर, काही ठिकाणी घालतोच. रक्तवाहिनीला पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्रोलीन. तो शरीरात वर्षानुवर्षं तसाच राहतो. रक्तवाहिनीला कृत्रिम नळी जोडायची तर तसाच लागतो, कारण कृत्रिम नळी आणि खरी वाहिनी कधीच पूर्ण एकजीव होत नाहीत, जोड आयुष्यभर दोऱ्यावरच असतो. उलट मूत्राशयात न विरघळणारा दोरा राहिला तर त्याच्यावर क्षार चढत जाऊन खडा होतो. तिथे तो नकोच.

खरी शर्यत दोरा आणि मांस यांच्यात असते. एक कमजोर होत जातो, दुसरं बळकट होत जातं. कातडीची जखम आठवड्याभरात दिसायला मिटते, पण तिच्यात मूळच्या ताकदीच्या जेमतेम पाचेक टक्के ताकद असते. तीन आठवड्यांनी वीसेक. तीन महिन्यांनी ऐंशीच्या आसपास, आणि तिथेच थांबते. शंभर पुन्हा कधीच नाही.

पोटाच्या स्नायूंवरचं जाड पांढरं आवरण तर फारच आळशी. त्याला महिने लागतात. तिथे विक्रिल घातला तर आवरण सावरायच्या आत दोरा हात वर करतो. म्हणून तिथे पीडीएस नावाचा, सावकाश विरघळणारा दोरा. त्याचा जोर सहा आठवड्यांनंतरही बऱ्यापैकी टिकतो आणि तो पूर्ण जायला सहा महिने लागतात. तोंडाच्या आतली जखम मात्र इतकी भराभर भरते की तिथे पीडीएस म्हणजे पाहुणा जेवून गेला तरी मांडव उभाच.

अवांतर: दोऱ्याइतकाच टाका किती अंतरावर घेता यालाही अर्थ असतो. आम्हाला शिकवलं होतं, कडेपासून एक सेंटिमीटर आत, पुढचा टाका एक सेंटिमीटरवर. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या ५६० पेशंटांचा अभ्यास आला. त्यात पाच मिलिमीटरचे बारीक, जवळजवळ टाके घातलेल्यांत वर्षभरात व्रणातून हर्निया होण्याचं प्रमाण १३ टक्के निघालं, जुन्या पद्धतीत २१. हात बदलायला मला त्यानंतरही दोन वर्षं लागली. सवय ही सवय.

मोजूनमापून

डॉक्टर, कॅटगटला विसरलात! मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते, आता निवृत्त. सुरुवातीची कितीतरी वर्षं कॅटगटच उघडला. पाकिटात द्रव असायचा, फाडलं की स्पिरिटसारखा उग्र वास नाकात जायचा. दोरा गुंडाळीतून निघायचा तो स्प्रिंगसारखा वळलेला. बोटांत धरून हलकेच ताणून सरळ करून द्यायचा, जोरात ताणला की दोऱ्याला इजा. सर्जन ओरडणार ते वेगळंच.

नावात कॅट असलं तरी मांजराचा काडीचा संबंध नाही. मेंढीच्या नाहीतर गुराच्या आतड्याच्या थरापासून करतात. शरीर त्याला परकं मांस समजतं आणि पाचक रसांनी पचवतं, म्हणून त्याचा भरवसा कमी. जखम पिकली की दोरा लवकर खल्लास. साध्या कॅटगटचा जोर आठ-दहा दिवस, क्रोमियमच्या क्षारात मुरवलेल्या क्रोमिकचा दोनेक आठवडे. पुढे गुरांच्या मेंदूच्या आजाराची भीती पसरली आणि युरोपात तो बंद झाला.

@उसवलेला, नेलकटरने ओढलं असतं तर टोक तुटून आत गेलं असतं. बायकोचे आभार पुन्हा माना.

पाणिनीचा_शेजारी

सुश्रुताचा उल्लेख अजून कसा नाही? सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात टाक्यांचं साहित्य दिलंय. अश्मंतकाच्या सालीचा धागा, ताग, क्षौम म्हणजे अळशीच्या जातीचा धागा, स्नायू म्हणजे प्राण्याची नस, केस, मूर्वा आणि गुळवेलीचे तंतू. टाक्यांचे चार प्रकार आहेत: वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी, ऋजुग्रंथी. तुन्नसेवनी म्हणजे चक्क रफू.

सुयाही तीन. कमी मांसाच्या जागी आणि सांध्यावर दोन अंगुळं लांब गोल सुई, मांसल जागी तीन अंगुळं लांब तिधारी, आणि मर्मस्थान, अंडकोश, पोट यांवर धनुष्यासारखी वाकलेली. आतड्याच्या जखमेला काळे मुंगळे डसवायचे आणि त्यांची धडं तोडून टाकायची, डोकी तशीच ठेवायची, हेही चिकित्सास्थानात आहे.

म्हणजे स्टेपलरसुद्धा आपल्याकडे आधीच होता :)

गाठीचा_माणूस

शेवटचं वाक्य 'हलके घ्या' म्हणून घेतो. पण सुयांचा श्लोक वाचून मी खरोखर खुर्चीत सरळ बसलो. गोल सुई आणि तिधारी सुई, आजच्या ट्रेमध्ये हाच भेद आहे. गोल सुई मांसाचे तंतू बाजूला सारत जाते, म्हणून आतडं, रक्तवाहिनी यांना ती. कातडी चिवट, तिथे धार लागते. फक्त एक सुधारणा नंतर झाली: धार वाकाच्या आतल्या बाजूला असेल तर दोरा ओढताना ती जखमेच्या कडेकडेच कापत जाते आणि टाका उसवतो. म्हणून ती बाहेरच्या बाजूला नेली.

हे इतकं नेमकं निरीक्षण असताना त्याला स्टेपलरची शेपूट कशाला लावायची? आहे तेच पुष्कळ आहे.

पाणिनीचा_शेजारी

मान्य. शेपूट मागे घेतो.

कशिदा

मी भरतकाम करते, शिकवतेही. "गाठ खाली तोंड करून पुरायची" वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे पहिल्याच दिवशी हेच सांगतात, गाठ उलट्या बाजूला.

यावरून आठवलं. फ्रान्समधल्या ल्यों शहरात १८९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्नो यांना भोसकलं. मोठी रक्तवाहिनी कापली गेली होती आणि ती शिवणं तेव्हाच्या सर्जनांना जमत नव्हतं. तिथल्याच अलेक्सिस कारेल नावाच्या तरुण डॉक्टरने ते मनावर घेतलं आणि बारीक सुईचं काम शिकायला एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे गेला. त्याची युक्ती फार गोड आहे. गोल नळीच्या कडेला सारख्या अंतरावर तीन टाके घ्यायचे आणि तिन्ही दोरे ताणायचे. गोलाचा त्रिकोण होतो आणि सरळ रेषेत शिवायला मिळतं! गोलात शिवताना समोरची कड चुकून सुईत येते, तीही भीती जाते. बाहीच्या कफावर भरताना मी हल्ली असंच करते. त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं, मला अजून नाही.

एक प्रश्न. आमच्या सुईला नाक असतं, त्यातून दोरा दुहेरी जातो. तुमच्याकडे?

मोजूनमापून

पूर्वी तशाच होत्या कशिदाताई. दोरा ओवून द्यायचं काम आमचंच, तेही हातमोजे घालून आणि घाई असताना. आता दोरा सुईच्या बुडातच बसवलेला येतो. नाकही नाही आणि दुहेरी दोराही नाही. त्यामुळे भोक पडतं ते दोऱ्याच्या बेताचंच, जुन्या सुईने ते उगाच मोठं व्हायचं.

आणि नंबरांचा घोळ नव्या मुलींना हमखास व्हायचा. शून्यं जितकी जास्त तितका दोरा बारीक. टू-झीरो म्हणजे साधारण तीन दशांश मिलिमीटरचा, सिक्स-झीरो चेहऱ्याला, एक दशांशाच्याही आत. डोळ्याचा टेन-झीरो तर डोळ्यांना दिसतच नाही म्हणा ना. खाली पडला तर मायक्रोस्कोपशिवाय शोधायचा नाही.

गोठ्यातला_डॉक्टर

पशुवैद्य हजर. गाईची कातडी शिवायला आम्ही तुमच्यापेक्षा कितीतरी जाड नायलॉन वापरतो, आणि तरी हात भरून येतात. आतल्या थरांना आमच्याकडे अजून पुष्कळ कॅटगट चालतो. पेशंट गोठ्यात जाऊन लगेच शेणात बसतो, तेव्हा कातडीला वेणीसारखा विणलेला दोरा कधीच नाही. वातीसारखं तो पाणी शोषतो आणि पाण्याबरोबर जंतूही आत चढतात. एकेरी गुळगुळीत दोऱ्याला ती अडचण नाही, पण त्याची गाठ सुटते, नायलॉनला आपला मूळ आकार आठवत असतो. दोन गाठींवर माझा विश्वास नाही, चार-पाच मारतो.

आणि कुत्रा असेल तर दोरा कुठलाही घाला, गळ्यात ती शंकूची कॉलर नसेल तर सकाळपर्यंत सगळे टाके पोटात. विरघळणारे आणि न विरघळणारे दोन्ही.

शंकासुर

टाके झाले, आता पट्टीचं सांगा. लहानपणी गुडघा फुटला की सगळे म्हणायचे, उघडा ठेव, वारा लागू दे, खपली धरू दे. आता म्हणतात ओली ठेवा. नक्की काय?

मोजूनमापून

@शंकासुर, ओलसर. ओली म्हणजे पाण्यात भिजलेली नव्हे. जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने १९६२ मध्ये डुकरांवर प्रयोग केला. काही जखमा उघड्या ठेवल्या, काहींवर प्लास्टिकची पातळ फिल्म लावली. फिल्मखालच्या जखमेवर नवी कातडी साधारण दुप्पट वेगाने आली. कारण सोपं आहे. नव्या पेशी कडेकडून सरपटत येतात, त्यांना ओल लागते. कोरडी खपली आली की त्यांना तिच्याखालून खोल वाट काढत यावं लागतं.

कोरडं गॉज जखमेवर थेट ठेवायचं आणि दोन दिवसांनी झटक्यात ओढायचं, यासारखा दुष्टपणा नाही. आधी सलाइनने भिजवा, पाच मिनिटं थांबा. नाही सुटलं तर पुन्हा भिजवा. गॉजबरोबर जे निघतं ती घाण नसते, काल रात्री आलेली नवी कातडी असते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून लोकांना वाटतं जंतू मरतायत. फेस येतो तो आपल्याच रक्त-पेशींमधल्या एन्झाइममुळे. रोज ओतलं तर भरणारी जखमच मागे जाते.

फार पाणी सुटणाऱ्या जखमेला समुद्रशेवाळाची पट्टी मिळते, अल्जिनेट म्हणतात. आत कॅल्शियम असतं, ते जखमेतल्या सोडियमशी अदलाबदल करतं आणि कापसासारखी पट्टी जेली होऊन बसते. हायड्रोकोलॉइडची चिकट पट्टी असते तिच्याखाली पिवळट, वासाचा चिकटा जमतो. लोक घाबरून येतात, पू झाला म्हणून. बहुतेकदा तो पट्टीचाच असतो, धुतला की खाली लालचुटुक जखम दिसते. भोवतालची कातडी लाल आणि गरम, ताप, ठणका असेल तर मात्र पट्टीला दोष देत घरी बसू नका.

कशिदा

माझ्या भाच्याच्या कपाळाला टाके न घालता गोंद लावला होता! मला वाटलं थट्टा करतायत.

गाठीचा_माणूस

थट्टा नाही. सायनोअॅक्रिलेट, घरातल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा चुलतभाऊ. घरातल्या गोंदाची साखळी आखूड, तो कातडीवर तापतो आणि मांसाला त्रास देतो, म्हणून घरचा वापरू नका. वैद्यकीय गोंदाची साखळी लांब असते. लावायचा तो मिटलेल्या कडांच्या वरून, जखमेच्या आत नाही. पाच-दहा दिवसांत आपोआप सुटून पडतो. त्याच्यावर व्हॅसलीन किंवा मलम लावलं की लगेच सैल होतो. काळजीवाहू आज्ज्या नेमकं तेच करतात. आणि सांध्यावर, जिथे कातडी सारखी ताणली जाते, तिथे तो टिकत नाही.

शंकासुर

ताई, पोटात कापूस राहिल्याच्या बातम्या येतात त्या खऱ्या असतात का?

मोजूनमापून

असतात. म्हणून तर माझं हे नाव.

आम्ही मॉप, म्हणजे रक्त टिपायचे कापडी तुकडे, पाच-पाचच्या गड्ड्यांत मोजायचो. सुरुवातीला, पोट शिवायच्या आधी आणि कातडीच्या आधी. प्रत्येक मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारी पट्टी शिवलेली असते. एकदा रात्री दीड वाजता मोजणी एकोणतीसवर थांबली. हवे होते तीस. सर्जनच्या हातात सुई, भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघतायत, आणि मी म्हणाले, शिवायचं नाही. बादल्या उपसल्या, चादरी झटकल्या, टेबलाखाली बॅटरी मारली. सर्जननी पोटात पुन्हा हात घालून चारही कोपरे चाचपले. नाही. एक्स-रेचं मशीन बोलावणार, एवढ्यात वॉर्डबॉय म्हणाला, "सर, पाय उचला." मॉप सरांच्या सपातेच्या तळाला चिकटला होता. रक्ताने भिजलेला, चपटा झालेला. वीस मिनिटं ते त्याच्यावर उभे राहून तोच शोधत होते.

कोणी हसलं नाही तेव्हा. चहाच्या वेळी मात्र सगळे हसले.

पाणिनीचा_शेजारी

वाचनखूण साठवली. ताई, स्वतंत्र धागा काढाच. ("धागा काढा" लिहिताना पहिल्यांदाच भीती वाटली.)

उसवलेला (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. दोन तारखांचं गणित आधी कोणी सांगितलं असतं तर कॅन्सरची वारी वाचली असती. आज डिस्चार्जचे कागद काढून बघितले. जाळीचं स्टिकर चिकटवलेलं आहे, कातडीपुढे पेनाने लिहिलंय "विक्रिल ३-०". डॉक्टरांचा अंदाज बरोबर. भोक बंद झालंय, खपली नाही, पट्टी ओलसर ठेवली :)

मोजूनमापून

छान. पण कातडीखालून एकसंध धावता टाका घातला असेल, तर त्याला दोन टोकं असतात, आणि दोन गाठी. उजव्या बाजूची निघाली का?

उसवलेला (धागाकर्ता)

आत्ता आरशात बघून आलो. उजव्या टोकाला काहीतरी लाल दिसतंय.

बायकोने नेलकटर लपवलाय.